बोन मॅरो ट्रान्सप्लांट कुणाचं, कधी आणि कसं, याचे नियम सगळीकडे सारखे का नाहीत?

आसावरी_कल्याण

हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी काढतेय, कारण घरात रोज हाच विषय आहे आणि धड उत्तर मिळत नाहीये.

ताईचा मुलगा थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात रक्त नीट तयारच होत नाही. पाच वर्षांचा. दर तीन आठवड्यांनी रक्त भरायचं, भरलेल्या रक्तातून साठणारं आयर्न काढायला रोज सकाळी डेफेरासिरॉक्सची गोळी पाण्यात विरघळवून द्यायची, आयर्न किती साठलंय ते बघायला मधूनमधून फेरिटिन करायचं. मोठी बहीण आहे त्याला, पण तिचा एचएलए (कुणाचा मॅरो कुणाला चालेल हे ज्यावरून ठरतं तो टिश्यूचा प्रकार) जुळला नाही. आता ट्रान्सप्लांट करायचं का, केलं तर कधी, कुणाचा मॅरो घेऊन, हे विचारायला ताई आणि भाऊजी मुंबई, पुणे आणि बाहेरही फिरून आले. एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात पहिल्याच भेटीत सांगितलं की वडिलांचा हाफ मॅच (अर्धाच जुळणारा मॅरो) घेऊन लगेच करून टाकू, आणि पॅकेजचा कागद हातात दिला. दुसरीकडे म्हणाले हाफ मॅचचं नाव काढू नका, आधी रजिस्ट्रीत (बाहेरच्या डोनर्सच्या यादीत) शोधा. आणखी एका ठिकाणी सांगितलं की घाई काय आहे, दहा-बारा वर्षांचा होऊ दे, अंगात जरा ताकद येऊ दे. सगळे शिकलेले, नावाजलेले डॉक्टर. मूल तेच, फाइल तीच.

एवढ्या सगळ्यात पोराला नीट आडवं झोपवून, पोटावर बोटं टेकवून, बरगडीच्या खाली लिव्हर किती उतरलंय ते फक्त एका मॅडमनी बघितलं आणि केसपेपरवर 'लिव्हर ३ सेंमी' असं लिहिलं. बाकीच्यांनी फेरिटिनचा आकडा बघितला आणि बोलायला सुरुवात केली. मी नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की त्या सेंटीमीटरवर बरंच काही अवलंबून असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, डॉक्टरांची मतं वेगळी असणार हे मान्य, पण निदान सगळीकडे तेच प्रश्न विचारले जावेत, त्याच तपासण्या व्हाव्यात आणि 'तुमचं मूल या गटात बसतं म्हणून आम्ही हे सांगतोय' असं कागदावर लिहून मिळावं. आत्ता आईबापांना कळतच नाही की सल्ला मुलाकडे बघून दिलाय की त्या हॉस्पिटलात काय होतं त्याप्रमाणे दिलाय. या क्षेत्रातलं कुणी असेल तर प्लीज लिहा.

हिमॅटो_पुणे

आसावरी, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते पटतं. मी ट्रान्सप्लांट युनिटमध्येच काम करतो. तुमच्या भाच्याबद्दल इथे सल्ला देणार नाही, न तपासता देणं बरोबर नाही, पण मागचं गणित सांगतो.

इटलीत पेसारो नावाच्या गावी ग्विदो लुकारेल्ली या डॉक्टरांच्या टीमने ऐंशीच्या दशकात थॅलेसेमियाच्या मुलांचे भरपूर ट्रान्सप्लांट केले. त्यांच्या लक्षात आलं की ट्रान्सप्लांटचं काय होणार हे मुख्यतः तीन गोष्टींवरून सांगता येतं: लिव्हर बरगडीखाली २ सेंमीपेक्षा जास्त उतरलंय का, लिव्हरमध्ये फायब्रोसिस (आतून कडक होणं) आहे का, आणि आयर्न काढायची औषधं आधीपासून नियमित चालू होती का. तिन्ही ठीक असतील तर क्लास १, एक किंवा दोन बिघडलेल्या असतील तर क्लास २, तिन्ही बिघडलेल्या असतील तर क्लास ३. म्हणून त्या मॅडमनी लिहिलेले ३ सेंमी सोन्यासारखे आहेत, तो कागद जपून ठेवा.

पण पेसारोचा नियम जसाच्या तसा उचलून आपल्याकडे लावला आणि झालं, असंही नाही. आपल्याकडे मुलं उशिरा येतात, रक्त वेळेवर मिळालेलं नसतं, गोळ्या परवडत नाहीत म्हणून मध्येच बंद केलेल्या असतात. वेल्लोरच्या सीएमसीने (तिथे १९८६ पासून ट्रान्सप्लांट होतायत) स्वतःचे पेशंट तपासून दाखवलं की क्लास ३ मधली सगळी मुलं सारखी नसतात. वय ७ किंवा जास्त आणि लिव्हर ५ सेंमी किंवा जास्त, अशा मुलांना सगळ्यात जास्त धोका असतो. मग त्याच मुलांना बुसल्फानच्या ऐवजी ट्रिओसल्फान, थायोटेपा आणि फ्लुडाराबिन असं कंडिशनिंग (ट्रान्सप्लांटच्या आधी जुना मॅरो काढून टाकायची औषधं) देऊन बघितलं आणि निकाल बराच सुधारला. माझ्या मते नियम असे बनायला हवेत, आपले पेशंट, आपले आकडे, आणि त्यावरून ठरलेली पद्धत.

आता 'दहा-बारा वर्षांचा होऊ दे' बद्दल. भाऊ-बहिणीचा पूर्ण मॅच असेल तर थांबण्यात काही फायदा नाही, हे जगभर मान्य आहे. २०१४ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी थॅलेसेमिया इंटरनॅशनल फेडरेशनबरोबर शिफारशी काढल्या, त्यात स्पष्ट आहे की आयर्नने नुकसान व्हायच्या आत, लहान वयात करा, आणि वय १४ च्या आत केलेलं चांगलं. वय वाढलं की ताकद येते हा समज घरोघरी आहे, पण या आजारात दर महिन्याला लिव्हर आणि हार्टमध्ये आयर्न साठत असतं.

घरात पूर्ण मॅच नसेल तर मात्र प्रश्न खरोखर अवघड आहे आणि तिथे मतभेद प्रामाणिक असू शकतात. त्याच शिफारशींमध्ये हाफ मॅच हा अनुभवी सेंटरमध्ये, ट्रायलच्या चौकटीत करावा असं होतं. त्यानंतर ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देण्याची पद्धत पुढे गेली आहे आणि निकालही सुधारलेत, पण थॅलेसेमियात मॅरो नाकारला जायची भीती ब्लड कॅन्सरपेक्षा जास्त असते, कारण मुलाला वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं रक्त मिळालेलं असतं. हे पहिल्याच भेटीत न सांगता पॅकेजचा कागद देणं मला अजिबात पटत नाही.

मंजिरी.स

माझ्या काकांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया होता, १९९९ ची गोष्ट. तेव्हा त्यांना सांगितलं होतं की ट्रान्सप्लांट हाच उपाय, आणि डोनर नाही म्हणून घरात रडारड. पुढे इमॅटिनिब आलं, ते मिळालं, आणि काका अजून रोज गोळी घेऊन बागेत फिरतायत. म्हणून विचारते, नियम पक्के केले आणि मधेच असं औषध आलं तर? तेव्हा नियम पाळून कुणी ट्रान्सप्लांट करून घेतलं असतं तर?

हिमॅटो_पुणे

मंजिरी, चांगला मुद्दा. सीएमएलमध्ये, म्हणजे काकांच्या ल्युकेमियात, नेमकं तेच झालं, २००१ च्या आसपास इमॅटिनिब आल्यावर ट्रान्सप्लांट पहिल्या पर्यायावरून पार शेवटी गेलं, आणि जगभरच्या सेंटर्सना ते बदलायला फार वेळ लागला नाही, कारण त्यांच्याकडे लिहिलेला तक्ता होता आणि त्यातली एक ओळ बदलायची होती. युरोपातली ईबीएमटी ही संस्था १९७४ पासून आहे, ती दर काही वर्षांनी असा तक्ता काढते. डावीकडे आजार, त्याची स्टेज, मग डोनर भावंडाचा की बाहेरचा की हाफ मॅच, आणि समोर शेरा: ही नेहमीची उपचारपद्धत आहे, की पेशंट बघून विचार करावा, की अजून प्रयोगात आहे, की करू नये. नवीन औषध आलं की शेरा बदलतो. नियम लिहिलेलाच नसेल तर बदलणार काय? मग प्रत्येक डॉक्टर आपल्या शिकण्याच्या काळात जे होतं तेच करत राहतो.

भारतातही आयसीएमआरने २०२१ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्यात. पण त्या सूचना आहेत. कुणी पाळल्या नाहीत तर विचारणारं कुणी नाही.

सिस्टर_वैशाली

मी ट्रान्सप्लांट वॉर्डात नर्स आहे, आधी सरकारी आता खाजगी. सगळे 'कधी' वर बोलतायत, मी 'कसं' वर बोलते कारण मला वाटतं माणसं तिथेही दगावतात.

मॅरो चढवायचा दिवस म्हणजे डे झिरो, घरच्यांना वाटतं हेच मोठं ऑपरेशन. खरं तर ते रक्ताच्या बाटलीसारखंच असतं, लाल पिशवी येते, हिकमन लाइनमधून (छातीजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी) काही तासांत संपते, आई बाहेर काचेतून बघत असते आणि विचारते झालं एवढंच? खरं काम पुढे असतं. काउंट शून्यावर जातात, तोंड आतून सोलतं, पोराला पाणी गिळवत नाही, ताप येतो. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की आम्ही म्हणतो मॅरो लागला. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत लाइनचं ड्रेसिंग कसं केलं, ताप आल्यावर किती मिनिटांत अँटिबायोटिक गेलं, दिलेलं रक्त इरॅडिएट केलेलं (किरण दिलेलं) होतं का, खोलीतली हवा गाळणारा हेपा फिल्टर शेवटचा कधी तपासला, यावर सगळं असतं.

मी काम केलेल्या एका ठिकाणी ताप आला की तासाभरात पहिला डोस गेलाच पाहिजे असा नियम होता आणि वेळ लिहून सही करावी लागायची. दुसऱ्या एका ठिकाणी रात्री डॉक्टरांना फोन लावायचा, त्यांनी उचलला की मग ऑर्डर. दोन्हीकडे औषधं तीच, मशीन्स तीच. रात्री दोनला वॉर्डात उभी असते नर्स, तिच्या हातात लिहिलेली पद्धत असेल तर ती कुणाच्या फोनची वाट बघत नाही.

आणि डिस्चार्ज. शंभर दिवस हॉस्पिटलच्या जवळ राहायचं असं सगळेच सांगतात, पण राहायचं कुठे? उकळलेलं पाणी, ताजं कुकरमधून काढलेलं जेवण, जाड सालीची फळं, हे भाड्याच्या एका खोलीत चार जणांत कसं सांभाळायचं? हे समजावून सांगणारा अर्धा तास काही ठिकाणी मिळतो, काही ठिकाणी मिळत नाही. मला विचाराल तर नियम लिहिताना पहिलं पान याचं हवं.

प्रकाश_नागपूर

आमच्याकडे सिकलसेल, तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात तो रक्ताचा आजार. मुलगी नऊ वर्षांची. विदर्भात, नंदुरबारला, गडचिरोलीत हा आजार घरोघरी आहे. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं तेव्हापासून तपासणी वाढली, कार्ड वाटले जातात, चांगलंच आहे. पण तपासणीनंतर काय, तर हायड्रॉक्सीयुरिया घ्या आणि दुखलं की भरती व्हा.

मुलीला दुखण्याचे झटके येत होते, त्यावर गोळी चालू होती. ट्रान्सप्लांट असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. डोक्याची डॉपलर म्हणून एक साधी सोनोग्राफीसारखी तपासणी असते, त्यात मेंदूच्या शिरेतल्या रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंमी किंवा जास्त निघाला तर स्ट्रोकचा धोका, हे मला दुसऱ्या एका पेशंटच्या वडिलांनी सांगितलं, एसटी स्टँडवर. मग आम्ही मागे लागून करून घेतली. तिचा धाकटा भाऊ आहे, त्याचं एचएलए अजून झालेलं नाही, आता करणार आहोत.

माझं म्हणणं आहे की नियम करताना शहरातल्या हॉस्पिटलपासून सुरुवात करू नका. ज्या दिवशी मुलाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया निघाला त्याच दिवशी, त्याच पीएचसीत, 'याची डॉपलर दरवर्षी, भावंडांचं एचएलए अमुक वयात' असं कार्डावर छापलेलं पाहिजे. लसीचं कार्ड असतं ना बाळाचं, तसं. तारीख चुकली की आशाताई घरी येते.

हिमॅटो_पुणे

प्रकाशदादा, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. आमच्यापर्यंत जी मुलं पोचतात ती आधीच गाळून आलेली असतात, ज्यांच्या आईबापांना कुठूनतरी कळलं तीच. सख्खं भावंड पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, म्हणजे बऱ्याच घरांत पहिल्याच तपासणीत उत्तर मिळू शकतं. ते उत्तर दुसऱ्या वर्षी मिळालं तर एक गोष्ट, दहाव्या वर्षी मिळालं तर लिव्हर हातात यायला लागलेलं असतं. सिकलसेलमध्येही अमेरिकन हिमॅटॉलॉजी सोसायटीच्या शिफारशी सांगतात की जुळणारं भावंड असेल आणि ट्रान्सप्लांट करायचंच असेल तर ते लहान वयात करावं. डॉपलर दरवर्षी हवीच. भावाचं एचएलए लवकर करून घ्या, आणि त्याची सिकलची तपासणीही. वाहक असला तरी तो डोनर होऊ शकतो, आजारी असेल तर नाही.

विवेक_लेस्टर

इकडचं सांगतो, यूकेत. बायको थॅलेसेमिया सेंटरमध्ये काम करते. इथे नॅशनल हिमोग्लोबिनोपथी पॅनेल आहे, अवघड केसेस वेगवेगळ्या शहरातले तज्ज्ञ ऑनलाइन एकत्र बसून चर्चा करतात आणि निर्णय लिहून त्या सेंटरला पाठवतात. म्हणजे लेस्टरचं मूल काय आणि लंडनचं काय, प्रश्न त्याच टेबलावर येतो. सगळं आलबेल आहे असं नाही, वेळ लागतो, आणि इथेही गोऱ्या पेशंटला रजिस्ट्रीत मॅच मिळणं सोपं आणि आपल्या लोकांना अवघड, कारण रजिस्ट्रीत आपली माणसं कमी. पण 'का' याचं लेखी उत्तर मिळतं. भारतात असं पॅनेल ऑनलाइन करणं अवघड का असावं? मोठी मोठी युनिट्स आहेत, मुंबईत टाटा आणि खारघरचं अॅक्ट्रेक आहे, वेल्लोर आहे, एम्स आहे, बोरिवलीला महापालिकेचं सेंटर आहे. आठवड्यातून एक तास.

सतीश_जोग

मी थोडा विरोधात लिहितो, राग मानू नका. माझी सगळी नोकरी विमा क्षेत्रात गेली आहे. नियम लिहिला की तो पहिल्यांदा वापरतं कोण तर पैसे देणारा. 'क्लास ३ मध्ये जोखीम जास्त, तक्त्यात शिफारस नाही, क्लेम नामंजूर.' आज एखादा डॉक्टर धाडस करून क्लास ३ च्या मुलाचं करतो आणि मूल वाचतं, उद्या त्याला परवानगीच मिळणार नाही. सेंटरसुद्धा आपले निकाल चांगले दिसावेत म्हणून अवघड मुलं घेणार नाहीत. सरकारी योजनेतही हेच बघा, कोल इंडियाच्या पैशातून २०१७ पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, १० लाखांपर्यंत मदत मिळते, फार मोठं काम आहे आणि कितीतरी गरीब मुलं त्यातून बरी झालीत, पण त्यातसुद्धा घरात जुळणारा डोनर हवा. आसावरीताईंच्या भाच्यासारख्यांचं काय?

आसावरी_कल्याण

सतीशकाका, राग कसला, हे मला सुचलंच नव्हतं. पण मला वाटतं आत्ताही नकार मिळतोच आहे, फक्त तो तोंडी मिळतो आणि त्याच्यावर भांडता येत नाही. 'बघू पुढे' हा पण नकारच आहे ना. लेखी असेल तर ताई निदान दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून विचारू शकेल की हे कारण बरोबर आहे का.

हिमॅटो_पुणे

दोघांचंही खरं आहे. सतीशकाका म्हणतात तो धोका परदेशात लोकांनी बघितलेला आहे, म्हणून निकाल जाहीर करताना पेशंटची जोखीम धरून करतात. क्लास ३ ची मुलं घेणाऱ्या सेंटरची तुलना क्लास १ वाल्याशी करायचीच नाही. त्यासाठी प्रत्येक ट्रान्सप्लांट निकालांच्या रजिस्ट्रीत (ही डोनर्सची यादी नव्हे) नोंदला गेला पाहिजे, झालेला, फसलेला, सगळा. आपल्याकडे नोंद होते पण सक्ती नाही. १९८३ मध्ये टाटात डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं ट्रान्सप्लांट केलं, त्याला चाळीस वर्षं उलटून गेली, एवढ्या काळात जे शिकलो ते सगळं एका जागी असतं तर आज आसावरींना इतकं फिरावं लागलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि नियमात 'करू नये' असा शेरा आला की त्याच्या खाली 'मग काय करावं' ही ओळ सक्तीची हवी. क्लास ३ असेल तर आधी काही महिने आयर्न जोरात उतरवा, एमआरआय टी-टू-स्टारने हार्ट आणि लिव्हरचं आयर्न मोजा, मग पुन्हा बघा. डोनर नसेल तर रजिस्ट्रीत शोध लावा, तारीख टाका. दार बंद करून सोडायचं नाही.

आसावरी, ताईंना पुढच्या भेटीत एवढं विचारायला सांगा: पोराचा क्लास कोणता धरलाय आणि कशावरून, अशा गटातल्या किती मुलांचे ट्रान्सप्लांट तुमच्या इथे झाले आणि त्यातली किती आज रक्ताशिवाय आहेत, डोनरविरोधी अँटिबॉडी तपासल्या का, मॅरो नाकारला गेला तर पुढचा प्लॅन काय, आणि मोठेपणी मूल होण्यावर जो परिणाम होतो त्याबद्दल आधी काही करता येईल का. शेवटचं कुणी सांगत नाही, पाच वर्षांच्या मुलाबद्दल कुणाला सुचत नाही, पण विचारायचंच.

सिस्टर_वैशाली

आणि रात्री ताप आला तर पहिला डोस कोण देतं आणि किती वेळात, हे पण विचारा. उत्तर देणारा अडखळला तर समजून जा.

मंजिरी.स

रजिस्ट्रीत नाव द्यायचं असेल तर काय करावं लागतं? माझी दोन्ही मुलं कॉलेजात आहेत.

हिमॅटो_पुणे

१८ पूर्ण हवीत आणि तब्येत चांगली हवी. दात्री आहे, डीकेएमएस आहे, मुंबईची मॅरो डोनर रजिस्ट्री आहे. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, एवढंच. पुढे कधी मॅच निघाला तर बहुतेक वेळा हाताच्या शिरेतून मशीनवर स्टेमसेल काढतात, आधी चार-पाच दिवस इंजेक्शनं असतात, अंग दुखतं, मग जातं. फक्त एक गोष्ट मुलांना नीट समजावा, फोन आल्यावर ऐनवेळी मागे फिरू नका. कंडिशनिंग सुरू झाल्यावर डोनर फिरला तर त्या पेशंटचा स्वतःचा मॅरो गेलेला असतो.

प्रकाश_नागपूर

धाकट्याचं रक्त सोमवारी देतोय, एचएलए आणि सिकल दोन्हीचं. रिपोर्ट आला की इथेच लिहितो. आसावरीताई, तुमच्या ताईंना वाटलं तर माझ्याशी बोलायला सांगा, मी मेसेज केलाय.

आसावरी_कल्याण

पाहिला मेसेज, दादा. ताईला दिलाय तुमचा नंबर. सगळ्या प्रश्नांची प्रिंट काढून ती फाइलला लावलीय, पुढच्या गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, जे उत्तर मिळेल ते लेखीच मागणार आहोत.